दांडी मंजूर, कीबोर्ड नामंजूर

सव्वीस वर्षं एकाच इमारतीत काढून सुलो विर्मायोकी स्पेनला राहायला गेले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला अठरा फ्लॅटमधली झाडून सगळी माणसं जिन्यात जमली. दोघा-चौघांच्या डोळ्यांत पाणीही होतं. पण सुलोंच्या बॅगांना कुणी हात लावला नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: तळघरातल्या सौनाची, म्हणजे गरम वाफेच्या सामाईक खोलीची, शनिवार संध्याकाळी सहाची पाळी रिकामी झाली.

ताम्पेरेच्या हेर्वान्ता भागातल्या त्या इमारतीत सौना एकच. मंगळवार ते शनिवार, दुपारी दोनपासून संध्याकाळी सातपर्यंत, तासातासाच्या पाळ्या. शनिवारी सहाला आत गेलेला माणूस सातला लालबुंद चेहऱ्याने बाहेर येतो, सॉसेज भाजून खातो आणि तृप्त मनाने रविवारच्या स्वाधीन होतो. मंगळवारी दोनला आत गेलेला माणूस तीनला ओल्या केसांनी पाणीपुरवठा खात्यात कामावर परत जातो.

एन्सिओ सारकोला हा तो मंगळवारचा माणूस. नऊ वर्षं. पहिल्या वर्षी साहेबांनी काळजीने विचारलं होतं, "सारकोला, पाइप कुठे फुटला?" नंतर विचारणंही बंद झालं.

इमारतीत पाळ्या लिहायला एक वही होती आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. वहीत खाडाखोड इतकी, की बुधवारी चारला तिथे नेमकं कोण आहे हे दार उघडल्याशिवाय कळायचं नाही, आणि दार उघडल्यावर जे कळायचं ते कुणालाच कळून घ्यायचं नसायचं. एन्सिओला तिथे संधी दिसली. कार्यालयाने मोडीत काढलेला एक जुना संगणक त्याच्याकडे होता. त्याने सोसायटीला कळवलं की तो पाळ्या नोंदवायचं यंत्र बनवून देईल, फुकट.

सोसायटीच्या अध्यक्ष हिल्का तोर्रोनेन. चौतीस वर्षं कर कार्यालयात काढलेली बाई. त्यांनी चष्म्यावरून एन्सिओकडे असं पाहिलं, की त्याला १९९३ सालचं विवरणपत्र आठवलं.

"फुकट कुणी काही करत नाही, सारकोला. काय हवंय?"

"शनिवार सहा."

हिल्काबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "यंत्र दोन आठवडे चाललं, आणि एकही लेखी तक्रार आली नाही, तर शनिवार सहा तुमची. एक जरी आली, तर मंगळवार दोन. जन्मभर."

एन्सिओ दोन-दोन पायऱ्या गाळत चौथ्या मजल्यावर पोचला. "राइली! शनिवार सहा!"

राइली, म्हणजे त्याची बायको, विणकाम करत होती. टाके मोजता मोजताच ती म्हणाली, "मागे तू डोअरबेल दुरुस्त केली होतीस. अजून बेल वाजवली की लिफ्ट येते."

"हे वेगळं आहे!"

हे खरोखरच वेगळं होतं. संगणक म्हातारा, स्मरणशक्ती बेताची. तेव्हा त्याच्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, हाताने मापात शिवून काढणं भाग होतं. कर्नल तयार करताना एक लांबलचक यादी समोर येते आणि प्रत्येक गोष्टीला विचारते: ही आत घेऊ का? हा सगळा उद्योग मुळात आपल्याच देशातल्या एका विद्यार्थ्याने सुरू केला, याचा एन्सिओला एवढा अभिमान होता की जणू त्या पोराला पहिली पेन्सिल यानेच तासून दिली होती. यादीतला "इनपुट उपकरणं" हा भाग आला, आणि तिथे एन्सिओच्या हातून आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक झाली. त्याने सोसायटीला विचारलं, तुम्हाला कोणती उपकरणं हवीत?

"हे गाभ्यात कायमचं बसणार?" हिल्काबाईंनी विचारलं.

"तसं म्हणायला हरकत नाही."

"मग हा इमारतीतला कायमस्वरूपी बदल झाला. त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. यादी आणा."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, उणे एकोणीस तापमानात, कर्नलच्या इनपुट विभागावर कलमवार चर्चा करायला एकतीस माणसं सायकली ठेवायच्या खोलीत जमली. जगात आजवर पुष्कळ कर्नल तयार झाले असतील, पण इतिवृत्त तपासायला दोन तपासनीस नेमून तयार झालेला बहुधा हा एकच.

"प्रत्येक कलमाला तीन उत्तरं आहेत," एन्सिओने उभं राहून समजावलं. त्याचे कान उत्साहाने लाल झाले होते. "हो, नाही, किंवा मॉड्यूल. मॉड्यूल म्हणजे घरात घ्यायचं नाही, पण दाराशी उभं ठेवायचं. हाक मारली की आत येतं."

"म्हणजे माझा जावई," काउको म्हणाला.

काउको अठरा नंबरमधला. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला यंत्रज्ञ. त्याला जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल मत होतं आणि प्रत्येक मताबरोबर एक किस्सा.

"कलम पहिलं. कीबोर्ड," हिल्काबाईंनी वाचलं.

एन्सिओला वाटलं होतं, हे कलम वाचायच्या आतच मंजूर होईल. पण खोलीतल्या माना एकमेकांकडे वळल्या. सगळ्यांना दोन वर्षांपूर्वीचं चिठ्ठ्यांचं प्रकरण आठवलं. कुणीतरी जिन्यात ओले बूट ठेवले म्हणून कुणीतरी सूचनाफलकावर निनावी चिठ्ठी लावली, तिला कुणीतरी निनावी उत्तर दिलं, आणि एप्रिलपर्यंत फलकावर चिठ्ठ्यांचे नऊ थर साचून फलकच भिंतीवरून खाली आला. तोंडाने कुणी कुणाला चकार शब्द बोललं नव्हतं. जिन्यात भेटले की सगळे हवामानाबद्दल मान डोलवायचे.

"अक्षरं हाताशी आली की लोक लिहिणार," दोन नंबरमधल्या आउनेआजी म्हणाल्या. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि बूट त्यांचेच होते.

फ्लॅटमागे एक मत. कीबोर्ड अकरा विरुद्ध चार मतांनी पडला.

"अहो, पण कीबोर्डशिवाय..." एन्सिओने तोंड उघडलं.

"मतदान झालंय, सारकोला. कलम दुसरं, माउस."

सौनातला पाणी टाकायचा डाव आजवर तीनदा चोरीला गेला होता. ज्या इमारतीत लाकडी डाव टिकत नाही, तिथे शेपटीवाली वस्तू आठवडाभरही टिकणार नाही, असा मुद्दा निघाला. माउस नामंजूर. टचस्क्रीनला लोक ओल्या हातांनी हात लावणार. नामंजूर. एन्सिओच्या लक्षात आलं की यादी खाली खाली जात्ये आणि त्याच्या यंत्राला अजून एकही कान, डोळा किंवा बोट मिळालेलं नाही.

"कलम चौथं. जॉयस्टिक."

"थांबा!" काउको उठला. "माझ्याकडे आहे! गिरणीच्या नाताळच्या लॉटरीत लागलेली. विमान चालवायची दांडी. मला हॅम हवं होतं, दांडी लागली. आठ वर्षं कपाटात उभी आहे."

दांडी जड होती, चोरून नेण्यासारखी दिसत नव्हती आणि तिच्यावर अक्षर एकही नव्हतं. चौदा विरुद्ध एक मतांनी मंजूर. सभेत टाळ्या वाजल्या. त्या बिचाऱ्या लॉटरीच्या हॅमला आठ वर्षांनी न्याय मिळाला.

"आता पुढचं कलम," एन्सिओ चाचरत म्हणाला, "दांडी जोडायचा गेमपोर्ट."

हिल्काबाईंनी चष्मा काढला. "दांडी मंजूर झाली. आणि दांडी घालायचं भोक वेगळं?"

"वेगळं."

"हे सगळं आमच्या कर कार्यालयातल्या माणसाने केलंय का?"

भोकही मंजूर झालं. त्यानंतर ठराव क्रमांक सहा: यंत्र सौनाच्या दाराशेजारच्या भिंतीवर, हाताच्या उंचीवर लावावं. ठराव सात: कुणी कधीची पाळी घेतली हे पडद्यावर कुणाला दिसू नये, खाजगी बाब आहे; चालू आठवड्याची यादी शनिवारी पाचला छापून यावी. ठराव आठ हिल्काबाईंचा स्वतःचा: यंत्राने कोणत्याही सभासदाला नाही म्हणू नये.

"पण एक पाळी दोघांनी मागितली तर?" एन्सिओने विचारलं.

"तर कार्यकारिणी नाही म्हणेल. नाही म्हणणं हे कार्यकारिणीचं काम आहे. उद्या यंत्रच नाही म्हणायला लागलं, तर आम्ही काय करायचं?"

सगळ्यात शेवटी "इतर" या सदरात संगणकाचा भोंगा होता. भोंगा ऐकत नाही, नुसता बोंबलतो. तरीही तो इनपुट उपकरणांत का, हे एन्सिओलाही सांगता आलं नसतं. पण तोवर कोपऱ्यात कॉफी तयार झाली होती आणि वेलदोड्याच्या पावाचा वास सुटला होता. भोंगा बिनविरोध मंजूर झाला.

"म्हणजे एकूण," राइली घरी परतल्यावर म्हणाली, "तू एक असा संगणक बनवणार आहेस, ज्याला काही सांगता येत नाही, पण तो ओरडू शकतो."

"आणि विमान चालवू शकतो!" एन्सिओ म्हणाला. खरं सांगायचं, तर तो खचला नव्हता. उलट त्याला स्फुरण चढलं होतं. कीबोर्ड, माउस घेऊन कुणीही करेल. त्याने घरच्या संगणकावर बसून एकेका कलमापुढे सभेचा निर्णय जसाच्या तसा भरला, कर्नल तयार केला आणि ते अडगळीतलं खोकं सोमवारी तळघरात भिंतीवर ठोकलं. सोमवारी सौनाला सुट्टी असते.

खोकं सुरू केलं. पडद्यावर अक्षरं आली: कीबोर्ड सापडला नाही. पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरची पहिली कळ दाबा.

हिल्काबाई पाठीमागे उभ्या होत्या. त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच यंत्राबद्दल आदर दिसला. "हे आमच्याच कार्यालयातलं आहे," त्या हळूच म्हणाल्या.

ही तपासणी कायमची बंद करायलाही एकदा कीबोर्ड जोडावा लागणार होता, आणि कीबोर्ड तर सभेने फेटाळलेला. शेवटी दोन्ही तपासनिसांच्या उपस्थितीत, चार मिनिटांपुरता, कीबोर्ड आत आणण्याची तात्पुरती परवानगी मिळाली. एका तपासनिसाच्या हातात घड्याळ होतं. तिसऱ्या मिनिटाला काम झालं आणि कीबोर्ड टॉवेलात गुंडाळून बाहेर नेण्यात आला.

मग यंत्र जे चाललं, ते पाहून एन्सिओला उडी मारावीशी वाटली. पडद्यावर पंचवीस चौकोन: डावीकडून उजवीकडे मंगळवार ते शनिवार, वरून खाली दोन ते सहा. दांडी हलवली की पिवळा चौकोन हलतो. मध्यावर सोडली की जागच्या जागी थांबतो. एन्सिओने दांडीचा मध्य केसाच्या अचूकतेने जुळवून दिला होता. आपला फ्लॅट नंबर सांगायला गोळी झाडायचं बटण तेवढ्या वेळा दाबायचं, प्रत्येक दाबाला भोंगा "टी!" करतो. मग अंगठ्याचं बटण दाबलं की नोंद पक्की. फ्लॅट नंबर दोनचं काम टी-टी एवढ्यात आटपायचं. अठरा नंबरचा काउको नोंदणी करू लागला की तिसऱ्या मजल्यापर्यंत युद्ध सुरू झाल्यासारखं वाटायचं.

पहिला आठवडा पुढच्या आठवड्याच्या नोंदणीचा. सौना तोवर जुन्या वहीप्रमाणे चालणार. एन्सिओने सोमवारीच, सर्वांत आधी, चौदा वेळा टी करून, शनिवार सहाच्या कोपऱ्यातल्या चौकोनात स्वतःची नोंद केली. बक्षीस आपलंच, म्हणून.

मंगळवारपासून लोक येऊ लागले, संध्याकाळी, कामावरून परतताना. भोंगा वाजायचा, आणि थोड्या वेळाने माणूस जिना चढून यायचा, तो हसत! फेब्रुवारीत, हेर्वान्तात, जिन्यात, हसत! एन्सिओने राइलीला हाका मारून मारून दाखवलं. सहा नंबरवाले नवरा-बायको हातात हात घालून वर गेले. काउको शीळ घालत होता. खुद्द हिल्काबाई गुरुवारी यंत्राकडून परतल्या, त्या एन्सिओला पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, "चांगलं यंत्र आहे, सारकोला. समजूतदार आहे." आणि चक्क लाजल्या.

"बघितलंस?" एन्सिओ म्हणाला. "हा कर्नल आहे, कर्नल!"

"कुणी काही सांगितलं का तुला? काय आवडलं ते?"

"सांगतंय कोण? इथे कुणी कधी काही सांगतं?"

तक्रारींच्या पेटीत पहिल्या आठवड्यात एकही कागद आला नाही. दुसऱ्या आठवड्यात यंत्राच्या नोंदणीप्रमाणे सौना सुरू झाला, तेव्हा मंगळवारी कुणीच आलं नाही. बुधवारी कुणीच नाही. गुरुवारीही सौना आपला एकटाच तापत बसला. नवीन गोष्टीला लोक थोडे बुजतात, असं एन्सिओने स्वतःला समजावलं. यंत्रात डोकावून पाहायची सोय नव्हती. डोकावायला कीबोर्ड लागतो. पेटी मात्र रिकामीच होती, आणि दर संध्याकाळी तो ती दोन-दोनदा उघडून पाहायचा. शुक्रवार संपला. फक्त एक दिवस उरला!

शनिवारी पाचला तो राइलीसोबत तळघरात गेला. छपाईयंत्र घरघरलं आणि यादी बाहेर येऊ लागली.

शनिवार सहा, फ्लॅट चौदा.

"मी!" एन्सिओ म्हणाला.

शनिवार सहा, फ्लॅट नऊ.

"हा कोण?"

शनिवार सहा, फ्लॅट दोन. शनिवार सहा, फ्लॅट अठरा. शनिवार सहा, फ्लॅट सहा. छपाईयंत्र थांबेचना. कागद जमिनीवर उतरला, एन्सिओच्या बुटाला वळसा घालून पुढे गेला. सुलोंचा रिकामा फ्लॅट सोडला तर सतराच्या सतरा. सगळे शनिवार सहा.

एन्सिओने भिंतीला टेकायला म्हणून हात लावला आणि चटकन मागे घेतला. भिंत तव्यासारखी तापली होती. पलीकडे सौनाची भट्टी. दांडीच्या पोटात पंख्याच्या रेग्युलेटरसारखी दोन चाकं असतात. ती गरम झाली की दांडीला आपला मध्य आठवत नाही. सोमवारच्या गार भिंतीवर जुळवलेला मध्य मंगळवारपासून दर संध्याकाळी हळूहळू उजवीकडे आणि खाली घरंगळत होता. माणूस टी-टी करत आपला नंबर मोजण्यात गुंतलेला, तोवर पिवळा चौकोन सावकाश चालत चालत कोपऱ्यात. म्हणजे शनिवार सहात.

"आणि कुणाला दिसलं नाही?" राइलीने विचारलं.

"दिसलं की!" एन्सिओ जमिनीवर बसला. "सगळ्यांना दिसलं. म्हणून तर हसत होते."

प्रत्येकाला वाटलं होतं की कार्यकारिणीने शेवटी आपली कदर केली, गुपचूप, बाकीच्यांना न दुखवता. आणि अशा वेळी सभ्य माणसाने काय करावं? कुणाला काही बोलू नये.

"सगळ्यांची दारं वाजवून सांगू?"

"शनिवारी संध्याकाळी? दार वाजवून?" राइलीने डोळे मोठे केले. "त्यापेक्षा इमारतीला आग लाव. तेवढं चालतं."

पावणेसहाला वर पहिलं दार उघडलं. मग दुसरं. जिन्यात सपातांचा आवाज सुरू झाला. अंगात झगे, खांद्यावर टॉवेल, हातात अंग झोडायच्या भोजपत्राच्या फांद्यांच्या जुड्या, बगलेत बीअर. एकमेकांना पाहून प्रत्येकाने आधी हवामानाबद्दल मान डोलावली. मग टॉवेल पाहिला. मग परत मान डोलावली. सहाला पाच कमी असताना तळघरात एकतीस माणसं उभी होती आणि कुणीही, एकही शब्द बोलत नव्हतं.

शेवटी हिल्काबाई आल्या. गुलाबी झगा, डोक्याला पंचा. गर्दी पाहून त्यांनी हातातली जुडी पाठीमागे लपवली.

"सारकोला. हे काय आहे?"

एन्सिओने यादी पुढे केली. ती दोन मीटर भरली. "भिंत तापते, हिल्काबाई. दांडी सरकते."

"असली यंत्रं तापत्या भिंतीवर कोण लावतं?" काउको गरजला.

"सभा," एन्सिओ म्हणाला. "ठराव क्रमांक सहा."

"अनुमोदन कुणाचं होतं?"

"तुमचंच, काउकोकाका."

काउकोला एकही किस्सा आठवेना.

"कार्यकारिणी निर्णय देईल," हिल्काबाई म्हणाल्या, आणि थांबल्या. ज्याचा हितसंबंध असेल त्याने मत देऊ नये, हा नियम त्यांनीच चौतीस वर्षं लोकांच्या डोक्यात घातला होता. कार्यकारिणीचे तिन्ही सदस्य टॉवेल घेऊन उभे होते. तपासनीस टॉवेल घेऊन उभे होते. या प्रश्नावर मत द्यायला पात्र असा माणूस हेर्वान्तात तरी नव्हता. सगळ्यात जवळचा स्पेनमध्ये होता.

"लेखी तक्रार आहे कुणाची?" त्यांनी विचारलं.

 नऊ वर्षांचे मंगळवार एन्सिओच्या डोळ्यांसमोरून ओल्या केसांनी गेले. एकतीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं. तक्रार लिहायला पेन्सिल लागते, आणि पेन्सिल वहीबरोबर काढून टाकली होती.

तेवढ्यात आउनेआजी पुढे झाल्या. "अगं हिल्का, सौना तापलाय," त्या म्हणाल्या. "तू इथे वाफ घालवत्येस."

यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. हिल्काबाईंनी मान ताठ केली आणि तोंडी निर्णय दिला: दोन आठवड्यांत लेखी तक्रार आलेली नाही, सबब शनिवार सहाची पाळी एन्सिओ सारकोला यांची. यंत्राने दिलेल्या नोंदीही रद्द करता येत नाहीत, सबब बाकीचे सारकोलांचे पाहुणे. दर शनिवारी.

टॉवेल धरलेल्या हातांनी जमतील तशा टाळ्या पडल्या. एन्सिओचा चेहरा सौनाबाहेरच लाल झाला. शनिवार सहा! त्याची! इतिवृत्तात!

सौनात सहा माणसं मावतात. आधी बायका, मग पुरुष, सहा-सहाच्या गटाने, आठ-आठ मिनिटं. बाकीचे अंगणातल्या बर्फात वाफाळत उभे राहून बीअर पिऊ लागले, आणि आश्चर्य म्हणजे बोलूही लागले. बूट कुणाचे होते हे त्या संध्याकाळी उघड झालं, आणि कुणी रागावलं नाही. येणारा-जाणारा एन्सिओचा हात हातात घेऊन म्हणायचा, "थँक्यू हं, सारकोला. उत्तम सौना." आणि यजमानाने पाहुण्यांच्या आधी आत जायचं नसतं, त्यामुळे एन्सिओ आत गेला तेव्हा सातला सात मिनिटं कमी होती. सगळ्यात खालच्या पायरीवर, काउकोच्या पावलांशी त्याला जागा मिळाली. डावातलं शेवटचं पाणी त्याने भट्टीवर ओतलं. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, हे त्याने राइलीला मात्र सांगितलं नाही.

तिसऱ्या शनिवारी पाहुणे एकोणचाळीस झाले. शेजारच्या इमारतीतूनही येऊ लागले.

त्यानंतरच्या मंगळवारी, दोन वाजायच्या थोडं आधी, एन्सिओ कार्यालयातून गुपचूप निसटला. तळघरात चिटपाखरू नव्हतं. सौना एकटा तापत होता. त्याने दांडी दोन्ही हातांनी धरली आणि डावीकडे, वर, पार मंगळवार दोनपर्यंत नेली. मग बटण दाबायला एक हात काढला. टी, टी, टी... चौदा. त्याने मान वर करून पाहिलं. पिवळा चौकोन कोपऱ्यात जाऊन शांत बसला होता. अंगठा त्याच्या बटणावर आधीच पडून गेला होता.

शनिवार सहा, फ्लॅट चौदा. नोंद झाली.

एन्सिओने मागे वळून पाहिलं. मग वरच्या जिन्याकडे. मग तो स्वतःशीच हसला, कपडे काढले, आत गेला, आणि इमारतीतल्या प्रत्येकाने जे केलं होतं तेच त्यानेही केलं. कुणाला काही बोलला नाही.